कानांनी शिकलेली इंग्रजी

वसतिगृहात त्रिशरण-पंचशील आम्ही कानांनीच शिकलो. पालीचा अर्थ पुढे उमगला. उच्चार मात्र रोजच्या सामुदायिक वंदनेतून आधीच मुखी बसले होते. इंग्रजी आम्हांला पाचवीत भेटली ती डोळ्यांनी. ‘लिसन’मधील टी उच्चारायचा नसतो, हे कळेपर्यंत आम्ही तो ठासून वाचत आलो. शिक्षण संपवून संगमनेरहून पुण्यास मुलाखतींना गेलो, तेव्हा लिहून दिले असते तर सहज उत्तर देता आले असते असे प्रश्न ऐकून कळलेच नाहीत. पुन्हा विचारण्याचीही लाज वाटली.

पुढे ‘एनव्हीडीए’ हे मोफत सॉफ्टवेअर हाती आले. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली दृष्टिहीनांसाठी त्याची सुरुवात केली. ते संगणकाच्या पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचते. आम्ही गती कमी करून, पडद्याकडे न पाहता एकेक वाक्य ऐकत असू, वहीत उतरवीत असू आणि मग मुळाशी ताडून पाहत असू. तेच वाक्य वीस वेळा ऐकले तरी यंत्र चिडत नसे, हसत नसे.

यंत्र एका सुरात वाचते; माणसे शब्द जोडून, अक्षरे गिळून बोलतात. म्हणून आम्ही आपसांतही इंग्रजीत बोलू लागलो. पुढच्या मुलाखतींतही काही प्रश्न निसटले. पण ‘कृपया पुन्हा सांगाल का?’ हे आम्ही मान वर करून विचारले.

आज पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी अनेक घरांत ती कानांवर पडत नाही. आमच्या धाकट्या भावंडांनी आधी ऐकावे, आणि न कळल्यास निःसंकोच पुन्हा विचारावे.