वय झालं, एवढंच म्हणत राहिलो

गाडी जुनी झाली की तिचा हॉर्न बसणारच, अशी माझी पक्की समजूत होती. माझी स्प्लेंडर वीस वर्षांपुढची. त्यात रत्नागिरीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. तिचा आवाज खोल गेला तर नवल काय, असं मी घरी सांगायचो. नवा हॉर्न आणून बसवायचो, तो काही दिवस बरा वाजायचा, मग पुन्हा घशात अडकल्यासारखा. घाटातल्या आंधळ्या वळणावर समोरच्याला आपण ऐकू जात नाही, ही भीती मोठी असते. शेवटी कारचा मोठा हॉर्न लावायचं ठरवलं.

‘वय झालं’ हे उत्तर मला सोयीचं होतं. ते दिलं की पुढे काही शोधावं लागत नाही. शिवाय मला वायरिंगची धास्ती. इंजिन उघडलं की काय झिजलंय ते दिसतं. तारेच्या आत काही दिसत नाही, म्हणून तिथे कारण शोधण्यात अर्थ नाही असं मी धरून चाललो. विज्ञान शिकलेल्या माणसाने असं मानावं, याची मला आज लाज वाटते.

तपासलं नव्हतं असंही नाही. हॉर्नच्या तारा काढून त्यांना मीटर लावला, बटण दाबलं. आकडा बाराच्या वर. वीज पोचतेय, म्हणजे हॉर्नच खराब. आकडा डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही.

वायरिंग करणाऱ्या मेस्त्रींनी माझ्या हातातला कारचा हॉर्न बाजूला ठेवला आणि विचारलं, “सर, जुना थेट बॅटरीला लावून बघितलात?” त्यांनी तो उतरवून दोन तारांनी बॅटरीला टेकवला. इतका खणखणीत वाजला की मी दचकलो. तरीही मी वाद घातला: मीटरने बारा दाखवले होते ना? ते काही बोलले नाहीत. हॉर्न जागेवर जोडला, तारा जोडलेल्याच ठेवून मीटरच्या पिना टोकांना लावल्या आणि म्हणाले, “आता दाबा.”

आकडा नऊवर आला. हॉर्न वाजत असतानाच बॅटरीवर मात्र बारा होते.

मी तसाच बटण दाबून उभा राहिलो. मीटर स्वतः जवळपास काहीच प्रवाह ओढत नाही, म्हणून गंजलेल्या वाटेतूनही तो पुरे व्होल्ट दाखवतो. हॉर्न मात्र दोनेक अँपिअर ओढतो. वाटेत दीड ओहमचा रोध असला की तीन व्होल्ट तिथेच संपतात. शाळेतला ओहमचा नियम, एवढंच. त्याची गणितं मी पटापट सोडवायचो, पण तो माझ्या गाडीलाही लागू आहे हे कधी मनात आलं नाही. हॉर्न काढून मोजताना, ज्या घडीला दोष दिसतो ती घडीच मी काढून टाकली होती.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी हॉर्नच्या प्लसवर ठेवून त्यांनी पुन्हा बटण दाबायला लावलं. व्होल्टची घट त्याच बाजूला निघाली. बटणातले पॉइंट काळे पडले होते, कपलरमध्ये हिरवा कळंक साचला होता. बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर आवाज परतला. नवा हॉर्न काही दिवस बरा का वाजायचा, तेही मला तेव्हाच कळलं: दर वेळी हॉर्नच्या तारांची थिंबल काढताना-घालताना त्यांच्यावरचाही थोडा कळंक खरवडला जात होता.

शेवटी हॉर्नच्या मागचा स्क्रू त्यांनी किंचित फिरवला. हॉर्नच्या आतलं कॉइल पडदा ओढतं, आतलेच पॉइंट सुटतात, पडदा मागे येतो; सेकंदाला शेकडो वेळा. पॉइंट कुठे सुटायचे ते हा स्क्रू ठरवतो. कारचा हॉर्न मी परत केला. तो आणखी प्रवाह ओढून त्याच वाटेत आणखी व्होल्ट गमावणार होता. रिले आणि फ्यूज घातल्याशिवाय तो तिथे नीट चालला नसता.

मी टाकून दिलेले हॉर्न बहुधा धडच होते. हे मला बोचतं.

तुमच्या गाडीचा आवाज खोल गेला असेल, तर आधी बॅटरी बघा. गाडी बंद असताना ती साडेबाराच्या आसपास हवी. मग हॉर्नच्या तारा न काढता, बटण दाबून धरून मीटर लावा. नवा हॉर्न त्यानंतरच आणा.