किनवटच्या पलीकडे मारलवाई

चौदा एप्रिलची जयंती आटोपली आणि दोन दिवसांनी आम्ही चौघे लातूरहून निघालो. किनवटला साडूभाऊंच्या मुलीचा मंगल परिणय होता. नांदेडपर्यंत एस.टी. आणि पुढे मुदखेडवरून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे. भोकर, हिमायतनगर मागे पडले तशी काळी सपाट रानं संपत आली आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना सागाची झाडे उभी राहिली. आमच्या लातूरकडच्या माणसाला जंगल म्हणजे शेताच्या बांधावरची चार बाभळी. धाकटीने खिडकीला नाक लावले आणि विचारले, "बाबा, इथे वाघ असतो का?" समोर बसलेली बाई हसली. तिच्या टोपल्यात मोहाची फुले होती. ती म्हणाली, "वाघ नाही गं बाई आता दिसत. माणसंच लई झाली."

लग्न थाटात झाले. दुसऱ्या दिवशी अंगणात बसलो असताना साडूभाऊ म्हणाले, "आलाच आहात तर मारलवाई बघून जा. शाळेतल्या पोरांना मी नेहमी सांगतो, पण मोठ्या माणसांनाच ठाऊक नसतं." साडूभाऊ शिक्षक आहेत. त्यांच्या शाळेत गोंड, कोलाम, आंध, परधान अशी सगळी मुले आहेत. त्यांनी गाडी ठरवली आणि पहाटे आम्ही निघालो.

वाटेत त्यांनी जी हकिगत सांगितली ती मी माझ्या शब्दांत देतो. आपल्या नांदेड-लातूरच्या वाचकांचा तिच्याशी जवळचा संबंध आहे.

किनवट आज नांदेड जिल्ह्यात आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, त्याआधी तो आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता आणि सगळाच मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गोंडांना ही सीमा कधी फारशी दिसलीच नाही. इकडचे सोयरे तिकडे आणि तिकडचे इकडे. जंगल एकच आणि जंगलाचे दुखणेही एकच. सरकारने जंगल राखीव केले आणि त्याच्या रेषा गावांच्या अंगावर सरकवल्या. आजोबा-पणजोबांपासून कसलेली जमीन एका सकाळी 'सरकारी' झाली. जी उरली तिच्यावर बाहेरून आलेल्या सावकार-व्यापाऱ्यांनी आपली नावे लावून घेतली. गोंडाकडे नांगर होता, कागद नव्हता.

याविरुद्ध कुमराम भीम उठला. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांनी त्याला आणि त्याच्या साथीदारांना गोळ्या घातल्या. बंड मोडले, पण सरकार हादरले. गोळ्यांनी प्रश्न सुटत नाही, निदान हे लोक का चिडले ते तरी समजून घ्यावे, असे अधिकाऱ्यांना वाटले. हे काम ज्याच्याकडे आले तो माणूस ना हैदराबादचा होता, ना हिंदुस्थानचा.

त्याचे नाव क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. जन्म १९०९, व्हिएन्ना. मानववंशशास्त्राचा अभ्यासक. १९३६-३७ मध्ये तो नागा टेकड्यांत राहून गेला होता. १९३९ साली पुन्हा भारतात आला आणि महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया तेव्हा हिटलरने गिळला होता, त्यामुळे इंग्रजांच्या लेखी हा शत्रूच्या देशाचा नागरिक. हैदराबाद संस्थानाची हद्द सोडायची नाही, या अटीवर त्याला मोकळे राहू दिले. दुसरा कोणी असता तर हैदराबादच्या बंगल्यात युद्ध संपायची वाट पाहत बसला असता. हा आणि त्याची पत्नी बेटी जंगलात गेले.

आधी ते कृष्णेकाठच्या डोंगरांत चेंचू लोकांबरोबर राहिले. चेंचू तेव्हा धनुष्यबाणाने शिकार करून आणि कंदमुळे खणून जगत. दोरावर लोंबकळून कड्यावरचा मध काढत. त्यांच्या पालांच्या शेजारीच या दोघांनी मुक्काम टाकला. मग गोदावरीच्या बाजूचे कोंडा रेड्डी, आणि तिथून गोंडांचा आदिलाबाद. मारलवाई या गोंड गावात त्यांनी गवताने शाकारलेले घर बांधून घेतले. गावचा प्रमुख लाचू पाटील. या पाटलाशी आणि गावाशी त्यांची जी मैत्री जुळली ती मरेपर्यंत सुटली नाही. पुढे त्यांना मुलगा झाला तेव्हा गोंडांनी त्याला पाटलाच्या नावावरून गोंडी हाकेचे नाव दिले.

इथे मला रशियातली एक गोष्ट आठवली. जपानी दिग्दर्शक कुरोसावाने १९७५ साली तिच्यावर चित्रपट काढला होता. आर्सेनियेव नावाचा लष्करी अधिकारी सैबेरियाच्या टोकाच्या जंगलात नकाशे काढत फिरत होता. तिथे त्याला देर्सू उझाला हा नानाई जमातीचा म्हातारा शिकारी वाटाड्या म्हणून मिळाला. एकदा बर्फाळ वादळात सापडले असताना देर्सूने भराभर गवत कापून त्याची खोपटी केली आणि साहेबाचा जीव वाचवला. दोघांचे प्रेम खरे होते. देर्सूची नजर अधू झाली तेव्हा आर्सेनियेवने त्याला शहरात आपल्या घरी नेले. पण जळणाला पैसे, पाण्याला पैसे, हे देर्सूला कळेना. तो परत निघाला आणि १९०८ साली वाटेतच त्याचा खून झाला. असे सांगतात की त्याच्या बंदुकीसाठी. आर्सेनियेवने मित्राच्या आठवणीत पुस्तक लिहिले. पुस्तक अजरामर झाले. पण ज्या जंगलाचे नकाशे निघाले, ते जंगल देर्सूच्या माणसांचे राहिले नाही.

मारलवाईची गोष्ट इथेच वेगळी होते. हायमेनडॉर्फनेही पुस्तके लिहिली. चेंचूंवर लिहिले, गोंडांवर तर जाडजूड ग्रंथ लिहिले. पण तो तिथे थांबला नाही. निजाम सरकारला त्याने लेखी कळवले की या लोकांचे दुखणे जमीन आहे, त्यांना कागद द्या. १९४३ साली मारलवाईत गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र सुरू झाले. गोंडीची पहिली वाचनपुस्तके निघाली ती देवनागरी लिपीत, कारण इथल्या गोंडांना बाजारहाटाची मराठी येत होती. आणि 'लावणी खास' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने जमिनीचे पट्टे वाटले गेले. १९४९ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात एक लाखाहून जास्त एकर जमीन आदिवासींच्या नावावर झाली.

या कामात आपल्या लातूरचाही एक माणूस होता. सेतु माधवराव पगडी. इतिहासकार म्हणून, फारसी कागदांतून शिवकाल उलगडणारा विद्वान म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पण त्यांचा जन्म १९१० साली निलंग्यात झाला, आणि हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना ते आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करायला गेले, हे निलंग्यातही किती जणांना माहीत असेल? ते गोंडी शिकले. गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली, आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. साहेबाने हुकूम सोडायचा आणि दुभाष्याने सांगायचा, अशा त्या काळात एका अधिकाऱ्याने कोलामाची भाषा शिकावी ही साधी गोष्ट नाही.

आदिलाबाद ओलांडून आम्ही इंद्रवेल्लीला थांबलो. रस्त्याजवळ स्मारक आहे. तेलंगणात अशा स्मारकाला 'स्तूपम' म्हणतात. २० एप्रिल १९८१ रोजी इथे जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा, लोक त्याहून कितीतरी जास्त सांगतात. म्हणजे पट्टे मिळाल्यानंतर चाळीस वर्षांच्या आतच जमीन पुन्हा हातची जाऊ लागली होती. साडूभाऊ एवढेच म्हणाले, "कागद मिळाला तरी तो सांभाळावा लागतो."

जवळच केसलापूर. पुष्य अमावास्येला इथे मेश्राम गोंडांच्या नागोबाची जत्रा भरते. जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन आदिवासींची गाऱ्हाणी ऐकायची, हा दरबार हायमेनडॉर्फच्याच प्रयत्नाने १९४० च्या दशकात सुरू झाला आणि त्याची रीत पुढेही चालत आली. किनवटकडचेही गोंड या जत्रेला जातात.

उटनूर, जैनूर करत दुपारी मारलवाईला पोचलो. लहानसे गाव. कौलारू घरे, सारवलेली अंगणे, सावलीत बसलेली गुरे. गावात बेटी आणि हायमेनडॉर्फ यांच्या समाध्या आहेत. बेटी १९८७ साली हैदराबादेत वारली, तिला इथे आणून पुरले. तिच्या स्मृतिदिनाला, ११ जानेवारीला, लोक जमतात. हायमेनडॉर्फ १९९५ साली लंडनमध्ये गेला. २०१२ मध्ये त्याची रक्षा आणून पत्नीशेजारी ठेवली.

एक वृद्ध गोंड बाबा तिथे बसले होते. मराठी चांगले बोलत होते. मी विचारले, "बाबा, तुम्ही पाहिलं होतं का साहेबाला?"

"ल्हान होतो. मागून मागून आला तव्हा बी पाह्यला. म्हातारा झाला होता. गोंडी बोलायचा."

"मग काय दिलं त्यांनी तुम्हाला?"

बाबांनी माझ्याकडे असे पाहिले की प्रश्नच चुकला. म्हणाले, "देनार तो कोन? जमीन आमची व्हती. भीमानं जीव देला. ह्या साहेबानं ते सरकारला लिवून सांगितलं. आमच्याकडं लिवनारा नव्हता." थोडे थांबून म्हणाले, "पट्टा अजून हाय घरी. पेटीत."

मी गप्प बसलो. मला माझे आजोबा आठवले. त्यांनी गावच्या गायरानात तीन एकर दगड वेचून काढले, वीस वर्षे ज्वारी घेतली. सातबारावर नाव कधी चढले नाही. एका वर्षी उभे पीक जनावरांना चारले गेले. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, "एक कागद पाहिजे होता रे." शहरात हमाली करून त्यांनी आम्हाला शिकवले, पण ती तीन एकर त्यांच्या बोलण्यातून गेली नाही. गोंडाच्या पेटीतला पट्टा म्हणजे काय, हे मला पुस्तकातून समजून घ्यायची गरज नव्हती.

परतीच्या वाटेवर धाकटीने विचारले, "बाबा, तो साहेब निजामाचा माणूस होता ना? मग तो चांगला कसा?" पोरीचा प्रश्न बरोबर होता. तो निजामाचा सल्लागार होता, पगार निजामाचा खात होता, आणि भीमाचे रक्त सांडले नसते तर त्याला मारलवाईला कोणी पाठवलेच नसते. तरीही त्याने आपल्या मित्रांना बंगल्यावर बोलावून शोभेला ठेवले नाही. तो त्यांच्या गावी राहिला, त्यांची भाषा बोलला आणि त्यांचे म्हणणे जिथे ऐकले जाईल तिथे मांडले. मैत्री मोजायची तर अशी मोजावी.

किनवटला परतलो तेव्हा दिवे लागले होते. साडूभाऊंनी शाळेचे एक रजिस्टर काढून दाखवले. त्यांच्या मोठ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या जमिनीचे कागद पाहून गट नंबर उतरवले होते. आदिवासींची गेलेली जमीन परत देण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७४ सालचा आहे, वनहक्काचा कायदा देशात २००६ सालचा. "कायदा आहे," साडूभाऊ म्हणाले, "पण घरात तो वाचणारं पोर पाहिजे."

लातूरला आल्यावर पहिल्या रविवारी मी धाकटीला घेऊन बसलो. आमच्या घराचा उतारा काढला आणि तिला म्हटले, "वाच." ती अडखळत, पण पूर्ण वाचून गेली.