ताटाची डावी बाजू

मानखुर्दच्या महाराष्ट्रनगरात एका काकांकडे मी आठवड्यातून दोनदा जाते. पहिल्या दिवशी पोचले ती ऐन जेवणाच्या वेळी. काकांनी भाजी-आमटी-भात संपवला आणि ‘झालं’ म्हणाले. ताटात डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर तशीच. काकू म्हणाल्या, ‘कोशिंबिरीशिवाय घास उतरायचा नाही यांच्या घशाखाली. चष्माही बदलून आणला, तरी हेच.’

डोळे ठणठणीत होते. पक्षाघाताने मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली होती आणि डाव्या बाजूचं भानच सुटलं होतं. काही जणांची नुसती नजरेची अर्धी बाजू जाते. त्यांना ते उमगतं, मान वळवून ते भरून काढतात. काकांना काही हरवलंय हेच ठाऊक नव्हतं. अशा माणसाच्या डोळ्यांच्या व्यायामात स्नायू बळकट करायचे नसतात, नजरेला डावीकडे जायची सवय लावायची असते. न्यूयॉर्कमध्ये वाइनबर्ग, डिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली अशा सरावाचा अभ्यास मांडला. पानाच्या डाव्या कडेला ठळक उभी रेघ. ती सापडली की मगच ओळ वाचायची.

मीही छापील कागदांनीच सुरुवात केली. चांदण्या शोधायच्या, खोडायच्या. महिन्याभरात काका कागदावर तरबेज झाले आणि दाराच्या डाव्या चौकटीवर तसेच आपटत राहिले. मला ते फार लागलं. आमच्या व्यवसायोपचाराचं शिक्षण कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं. रोजच्या कामातून माणूस उभा करायचा, हा या विद्येचा गाभा. तोच माझ्या हातून निसटला होता.

मग काकूंकडून निवडायचे तांदूळ मागितले. ताटाच्या डाव्या कडेला लाल बांगडी ठेवली. ‘काका, आधी बांगडीला बोट, मग खडा.’ तिथून ओळीने उजवीकडे, पुन्हा बांगडी. दहाच मिनिटं, कारण त्यानंतर ते अगदी गळून जातात.

वाचायला शिरोरेषा कामी आली. स्टेशनवरची पाटी काका ‘खुर्द’ अशी वाचायचे. म्हटलं, वरची रेघ धरून मागे मागे जा, ती संपेपर्यंत. त्यांनी हळूहळू मान वळवली आणि ‘मान’ सापडला. ऱ्हस्व वेलांटी मात्र अजून चकवते; ‘दिवा’चा ‘दवा’ होतो.

रस्ता बाकी आहे. दुभाजकापर्यंत गाड्या उजवीकडून येतात, त्यापुढे डावीकडून. शीव-पनवेल रस्त्यावर त्यांना एकटं सोडू देत नाही मी. काकूंना सांगितलंय, त्यांच्या डाव्या बाजूने चाला. बोलायचं झालं की वळतील तुमच्याकडे.