काळ्या पाण्यात बुडी

येवल्याच्या मनुष्यास समुद्राची ओढ असण्याचे वस्तुतः काहीच कारण नाही. ज्या तालुक्यात राजापूर-ममदापूरच्या बाजूस चैत्र सरता सरता टँकरची वाट पाहणे हा दिनक्रमाचाच भाग होऊन बसतो, आणि जेथे पालखेडच्या डाव्या कालव्याचे आवर्तन केव्हा सुटणार या एका प्रश्नावर पारावरच्या गप्पा व निवडणुका दोन्ही रंगतात, तेथे वाढलेल्या मुलाच्या ठायी पाणी म्हणजे मोजूनमापून वापरावयाची वस्तू, हीच भावना दृढ झालेली असते. त्या पाण्यात कोणी निव्वळ आनंदासाठी, आणि तेही पाठीवर हवेचे नळकांडे बांधून, शिरावे, हा प्रकार आमच्याकडे चैनीपेक्षा वेडेपणाच्या सदरात पडला असता. माझे बालपण पैठणी विणणाऱ्यांच्या आळीत, मागाच्या आवाजात गेले. पोहणे म्हणावे तर पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून एका शेतातल्या विहिरीत जे काय शिकलो तेवढेच. अशा मनुष्याच्या हाती एके दिवशी सरकारी बदलीचा हुकूम पडला, आणि त्यात मुक्कामाचे ठिकाण पोर्ट ब्लेअर असे लिहिलेले होते.

घरी ही वार्ता सांगितली तेव्हा आई काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “अरे, तिकडं लोकांना बेड्या घालून न्यायचे. तू आपल्या पायानं चाललास होय?”

तिच्या बोलण्यात नवल नव्हते. मराठी मनाला अंदमान ठाऊक आहे ते बंदिशाळा म्हणून, आणि तसे असणे स्वाभाविकही आहे. १८५७ चा उठाव मोडल्यानंतर, १० मार्च १८५८ रोजी दोनशे बंदिवानांची पहिली तुकडी त्या किनाऱ्यावर उतरविण्यात आली. पुढे १९०६ मध्ये सेल्युलर जेल बांधून पूर्ण झाले, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या भगूरचे सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत तेथल्या कोठडीत राहिले. आजही महाराष्ट्रातून सहलींचे जथेच्या जथे येतात, त्या कोठडीपुढे चपला काढतात, सायंकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम डोळे पुसत पाहतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी परततात. या सगळ्यात समुद्राकडे कोणी पाहतच नाही, असे मला तेथे रुजू झाल्यावर प्रकर्षाने जाणवू लागले. कैद्यांच्या दृष्टीने तो तुरुंगाचा शेवटचा आणि सर्वांत उंच तट होता, आणि आपण सारे अद्याप त्या तटाच्या आतल्या बाजूसच उभे आहोत. त्या तटात शिरून पाहावे, ही बुद्धी मला कशी झाली ते सांगणे कठीण. परंतु एकट्या मनुष्याचे शनिवार-रविवार आणि पाच-सव्वापाचलाच मावळणारा हिवाळ्यातला सूर्य यांचा त्यात मोठा वाटा असावा. घड्याळ सगळ्या देशाचे एकच. पण सूर्य तेथे इतक्या पूर्वेस आहे की कचेरी सुटून चहा होईतो अंधार पडतो, आणि करावयाचे ते पहाटेच करावे लागते.

सरकारी बोटीने दोन-अडीच तासांवर स्वराज द्वीप आहे. २०१८ च्या डिसेंबरापर्यंत त्याचे नाव हॅवलॉक होते, आणि वृद्ध खलाशी अजून तेच घेतात. हा जनरल हेन्री हॅवलॉक म्हणजे १८५७ च्या जुलैत कानपूर घेणारा आणि पुढे बिठूरला लढणारा इंग्रज सेनापती. आणि त्याच्याशी ज्या नानासाहेबांच्या फौजा झुंजल्या त्यांचा सेनानी तात्या टोपे हा जन्माने आमच्या येवल्याचा. शेजारचे शहीद द्वीप हे पूर्वीचे नील, म्हणजे कानपुरातल्या क्रूर शिक्षांबद्दल कुप्रसिद्ध झालेल्या नीलचे. आणि आसपासची आउट्रम, लॉरेन्स, निकल्सन ही बेटेही त्याच यादीतली. ज्या वर्षी तात्यांना शिवपुरीस फाशी दिले, त्या १८५९ च्या सुमारास इकडे त्यांच्याच साथीदारांकडून जंगल तोडवून घेतले जात होते आणि वर त्या बेटांना त्यांच्या शत्रूंची नावे मिरवावयाची होती, ही गोष्ट त्या बोटीच्या कठड्याशी उभे राहून आठवली म्हणजे येवल्याच्या मनुष्याचे चित्त काही काळ थाऱ्यावर राहत नाही.

पाण्याखालची नावे मात्र निराळी आहेत. तेथे डिक्सनचा सुळका आहे, जॉनीची घळ आहे, आणि ही नावे कोणा सेनापतींची नसून कॅरेन जमातीच्या पाणबुड्यांची आहेत. कॅरेन लोक १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून येऊन उत्तरेकडे मायाबंदरजवळच्या वेबी गावी वसले. जंगल आणि समुद्र दोन्ही त्यांना सारखेच अवगत. वरच्या भूमीला सरकारने दोनदा नावे दिली, दोन्ही वेळा दप्तरात बसून. खालची नावे जे प्रत्यक्ष उतरले त्यांच्या वाट्याला आली. मला ही व्यवस्था अधिक न्याय्य वाटते.

मला शिकविणारा तरुणही वेबीचाच होता. मितभाषी, कृश आणि अत्यंत कडक. विहिरीतल्या बुडीचा सारा धर्म श्वास कोंडण्यात आहे. येथे पहिला नियम, श्वास कधीही कोंडू नये. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि खाली भरून घेतलेली हवा वर येताना पसरते. छाती बंद ठेवून जो वर येईल त्याच्या फुप्फुसांना इजा व्हावयाची, हे त्याने मला इतक्या वेळा ऐकविले की मी झोपेतही दीर्घ निःश्वास सोडू लागलो. उतरताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकावे, म्हणजे कानाचा दडा सुटतो. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘उत्तम’ असा नसून ‘वर चला’ असा होतो, आणि या एका खुणेपायी नवशिक्यांचे किती उत्साह अकाली पृष्ठभागावर येतात ते पाहण्यासारखे असते. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो ही सार्वत्रिक समजूत चुकीची आहे. त्यात तुम्ही-आम्ही घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते.

पाण्याखाली मी मासे पाहिलेच. समुद्रपुष्पाच्या तंतूंत दडणारे केशरी-पांढरे चिमुकले मासे, कपारीतून तोंड काढून बसलेली वाम, शेकड्यांनी एकाच दिशेस वळणारे पिवळे थवे, हे सारे विलोभनीय होते यात शंका नाही. तथापि मला खिळवून ठेवले ते रंगांनी. किंबहुना रंगांच्या नाहीशा होण्याने. माझे वडील रेशमाची लड पारखावयाची झाली की ती अंगणात नेत. दिव्याच्या उजेडात रंग ठरवू नये, असा त्यांचा दंडक होता. पाणी प्रकाशातला तांबडा अंश सर्वांत आधी गिळते. पाच-सात मीटरवरच लाल फिकटतो, त्याखाली नारिंगी जातो, मग पिवळा, आणि पंधरा-अठरा मीटरवर सारे जग निळ्या-करड्या छायेत उरते. ज्या मुलाला काळी चंद्रकला, राघू, शिरोदक ही रंगांची नावे बाराखडीबरोबर पाठ झाली, त्याच्या डोळ्यांपुढे लाल रंग असा मुळासकट पुसला जावा, हा अनुभव मी शब्दांत पुरता मांडू शकत नाही. एकदा माझ्या गुरूने खडकावरच्या एका मातकट, निर्जीव भासणाऱ्या समुद्रपंख्यावर हातातली विजेरी धरली. क्षणार्धात तो असा रसरशीत कुंकवी उमलला की मी रेग्युलेटर तोंडात असूनही काहीतरी ओरडलो. रंग तेथेच होता. त्याच्यापर्यंत प्रकाश पोहोचत नव्हता. त्यानंतर वडिलांच्या त्या दंडकाकडे मी अधिक आदराने पाहू लागलो.

लाटांवरच्या फळीचे प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण त्यात माझी गती बेताचीच. त्यासाठी छोट्या अंदमानास जावे लागते; जहाज हट बे बंदरास पोहोचेतो सहा-आठ तास जातात आणि पोटातले सर्व काही त्याआधीच जाते. तेथल्या बटलर बेच्या किनाऱ्यावर मार्च-एप्रिलच्या सुमारास ज्या लाटा येतात त्यांचा उगम हजारो मैल दक्षिणेस, थंड अक्षांशांवरच्या वादळांत असतो. वादळ केव्हाच शमलेले असते आणि त्याची लाट आपली चालतच असते. फळीवर पालथे पडून तिची वाट पाहावी, आणि संक्रांतीला धाब्यावर पतंगाच्या मांजाची आसारी धरून उभ्या राहिलेल्यास वाऱ्याची पहिली ओढ बोटांना कळते तशी ती पायांना कळली की हात मारून उठावे, एवढीच ती विद्या. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग उडविण्यात वाढलेल्यास ओढ ओळखणे जमते. उठणे जमतेच असे नाही. जे काही क्षण मी उभा राहिलो त्यांचा आनंद अवर्णनीय होता आणि गुडघ्यांवरचे प्रवाळाचे ओरखडे दीर्घकाळ टिकले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हे हट बे उद्ध्वस्त केले होते. त्याच किनाऱ्यावरची पोरे आज लाटेवर हसत चढतात, याचा मला अचंबा वाटत असे. त्यांना मात्र त्यात काही विशेष वाटत नसे.

बेट म्हणजे स्वर्ग, अशी कोणाची समजूत होऊ नये. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या प्रदेशात फेब्रुवारी उलटला की धनीखारी धरण खाली जाते, नळ दिवसाआड येतात, आणि बादल्या भरून ठेवण्याचे माझे येवल्याचे शिक्षण जसेच्या तसे उपयोगी पडले. खाऱ्या पाण्यातल्या मगरींमुळे काही किनाऱ्यांवर पोहण्यास मनाई असते, ती मुकाट्याने पाळावी. आणि प्रवाळांविषयी तर अधिक गंभीरपणे बोलले पाहिजे: २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र इतका तापला की मोठाले प्रवाळ-पट्टे पांढरे पडून मेले, आणि त्यांतले काही अद्याप भग्नावशेषांच्या रूपाने तळाशी पसरलेले आहेत. जुने पाणबुडे ते दाखवितात आणि पुढे जातात.

माझी बदली यथाकाल परत झाली, आणि आता गावचे, नाशिकचे, ओळखीचे लोक अंदमानास निघाले की सल्ला विचारावयास येतात. त्यांना मी एवढेच सांगतो: जेल अवश्य पाहा, कोठडीपुढे अवश्य नतमस्तक व्हा; पण एक सकाळ राखून ठेवा आणि त्या पाण्यात डोके घाला, कारण ज्यांना ते पाणी केवळ तट म्हणून पाहावे लागले त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना ते आतून पाहण्याची मुभा आहे. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असल्यास आधी वैद्याचा दाखला घ्यावा. पोहणे येत नसेल तर मे महिन्यात गावच्या विहिरीत शिकावे, अर्थात तिला पाणी असेल तर. आणि परतीचे तिकीट काढताना शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, हे ध्यानात ठेवावे.