मोडेन पण वाकणार नाही

आमच्या पुतणीला तिरंदाजीचं वेड लागलं आणि कसबा पेठेतल्या आमच्या वाड्याला नवा विषय मिळाला. पुढच्या महिन्यात तिची निवड चाचणी आहे, 'इंडियन राउंड'ची. यात ५० आणि ३० मीटरवरून बांबू-लाकडाच्या साध्या धनुष्याने नेम मारायचा. कार्बनच्या परदेशी धनुष्याची किंमत ऐकून तिचे वडील खालीच बसले होते. त्यामुळे हा स्वदेशी प्रकार घरात एकमताने पसंत पडला.

धनुष्याला वर एक, खाली एक असे दोन हात असतात. खेळाडू त्यांना 'लिंब' म्हणतात. हे कानावर पडताच समोरच्या काकू कडुलिंबाची फांदी घेऊन हजर! नानांनी जुन्या वाड्याची सागवानी तुळई काढली. "इतक्या वर्षांत तसूभर वाकली नाही!" अहो नाना, पण हिला वाकणारंच लाकूड हवंय. नुसतं वाकणारं नव्हे, सोडल्यावर झटक्यात सरळ होणारं. 'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा पेठेत शोभतो. बाणाला तो उपयोगाचा नाही.

तसा हा वाद जुनाच. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चारही प्रकारची धनुष्यं सांगितली आहेत. विष्णूच्या शार्ङ्गाच्या तर नावातच शिंग आहे. मोगली धनुष्यात आतून शिंग, बाहेरून जनावराचे स्नायू आणि मधे लाकूड, सगळं सरसाने चिकटवलेलं. आमच्या आजीने असलं धनुष्य उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

शेवटी बुरूड आळी गाठली. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने बांबू वाजवून पाहिले. कोवळा नको, तो वाकला की वाकलेलाच राहतो. जून, वाळलेला एक निवडून उभा चिरला आणि बजावलं, "ताई, साल निशाणाकडे. तिला हात लावायचा नाही. तासायचं ते आतून."

त्यातलं इंगित असं : दोरी ओढली की धनुष्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. बांबूचे चिवट तंतू सालीलगत दाटलेले असतात. ताण सोसायचा तो त्यांनीच. साल गेली तर धनुष्य फुटायचं, तेही नेमकं तोंडासमोर.

नानांना हे पटलेलं नाही. साल 'दिसायला बरी' करावी म्हणून ते रंधा घेऊन आलेच होते.

आता रोज संध्याकाळी पुतणी आतून थोडं तासते, ओढते, बघते. दोन्ही हात सारखे वाकले पाहिजेत. वरचा कडक म्हणणारे आणि खालचा म्हणणारे असे वाड्यात दोन पक्ष पडलेत. रंधा काकूंनी लपवून ठेवलाय.