शनिवारी भांडी पालथी

मुलांनो, नगरपरिषद म्हणजे काय, असा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारते. पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "बाई, घंटागाडी!" दुसरं उत्तर, "नळ!" आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणतं, "बाई, दाखला मिळते ते ऑफिस."

यातलं नळाचं उत्तर आमच्या यवतमाळात चुकतं, बरं का! आमच्या शहराला नळानं पाणी पुरवते ती नगरपरिषद नव्हे, तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरण नावाची राज्य सरकारची संस्था. पाणी येतं निळोणा आणि चापडोह या धरणांतून. २०१७ साली पाऊस कमी झाला, ही दोन्ही धरणं आटली आणि २०१८ च्या उन्हाळ्यात सगळं शहर टँकरमागे धावत होतं. पुढे बाभुळगाव तालुक्यातल्या बेंबळा प्रकल्पाचं पाणी शहरासाठी आणलं. तुमच्या गावात मात्र नळ नगरपरिषदेचा असेलही. घरी पाण्याचं बिल असतं ना? वर कुणाचं नाव छापलंय ते बघा.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नगरपरिषदेचा धडा असतो. १९६५ चा कायदा, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, समित्या. लोकसंख्या एक लाखाच्या वर गेली की 'अ' वर्ग. २०११ च्या जनगणनेत यवतमाळची लोकसंख्या १,१६,५५१ होती, म्हणजे आम्ही 'अ' वर्गातले. नंतर हद्द वाढली आणि वाघापूर, लोहारा, उमरसरा अशी शेजारची गावंही शहरात आली. हे सगळं पाठ होतं, पाच मार्क मिळतात आणि विसरलंही जातं. पण सोमवार ते शनिवार ही माणसं नेमकं करतात काय, ते पुस्तकात नसतं. म्हणून म्हटलं, आपण आज तेच बघू.

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाजारात कधी गेलात का? सडका टमाटा, कोबीची पानं, मिरच्यांची देठं, तुटकी टोपली, पिशव्याच पिशव्या. त्यात गाई आणि कुत्री. आपण झोपेतून उठायच्या आत झाडू, फावडी आणि ट्रॅक्टर घेऊन माणसं तिथं आलेली असतात. रस्ते रोज झाडतात, घंटागाडी रोज फिरते, पण नाल्यांची पाळी असते. आज हा प्रभाग, उद्या तो. नालीतला गाळ काढून काठावर ठेवला की मोठी माणसं म्हणतात, "काढला आन् इथंच टाकून गेले!" अहो, ओला गाळ लगेच गाडीत भरला तर तो रस्ताभर ठिबकत जातो आणि वजनालाही भारी. म्हणून एक-दोन दिवस तो वाळू देतात. मात्र आठवडाभर तो तिथंच राहिला, तर पहिल्या पावसात परत नालीत जातो. तेव्हा तक्रार करायची, अगदी हक्कानं करायची.

आमच्या गल्लीत घंटागाडीवर एक काका येतात. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा द्या, असं २०१६ च्या नियमांपासून सगळीकडे सांगितलं जातंय. पण काकांचं म्हणणं त्याहून साधं आहे. एकदा मला म्हणाले, "बाई, पोरायले एवढंच सांगा, फुटलेला काच कागदात गुंडाळून वेगळा द्या म्हना. उघडा टाकला का हात कापते." त्यांच्या तळहातावर तशा जुन्या खुणा आहेत. मी वर्गात सांगितलं. तुम्हालाही सांगते.

आता दाखल्याच्या खिडकीकडे येऊ. ही खिडकी म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणी विभाग. १९६९ च्या कायद्यानं प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद करावी लागते, आणि २१ दिवसांत कळवलं तर फी लागत नाही. बाळ दवाखान्यात झालं तर दवाखानाच कळवतो. पूर्वी असं नव्हतं. घरी आजोबा असतील तर त्यांची जन्मतारीख विचारा. पुष्कळ आजोबांची १ जून किंवा १ जुलै निघेल! एवढी सगळी मुलं त्याच दिवशी कशी जन्मली? तर ती जन्मली नाहीत, त्यांना तशी लिहिलं गेलं. घरच्यांना तारीख आठवत नसे. "लय पाऊस होता त्या साली" एवढंच सांगत. शाळेतले गुरुजी मग वयाचा अंदाज घेऊन जूनची नाहीतर जुलैची पहिली तारीख टाकत. आता नियम बदललाय. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांना शाळेत घालताना जन्माचा दाखलाच पुरावा मानला जाणार आहे. ती मुलं पहिलीत येतील तेव्हा माझ्या हजेरीपटावर १ जूनची गर्दी नसेल.

पालकांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. बाळाचं बारसं व्हायच्या आधीच नोंद होते, त्यामुळे दाखल्यावर नावाचा रकाना कोरा राहतो. वर्षभरात नाव कळवलं तर फुकट, त्यानंतर विलंबशुल्क भरून. असे कोरे दाखले घेऊन पहिलीच्या प्रवेशाला येणारे पालक मी बघते, आणि मग त्यांची किती धावपळ होते तेही बघते.

अग्निशमन दलाबद्दल थोडंसं. १०१ नंबर तुम्हाला पाठ आहेच. दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा त्यांचा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात स्फोटकं होती आणि कापसाच्या गाठी होत्या. आग विझवायला गेलेले ६६ जवान स्फोटात गेले. आपण कापसाच्या जिल्ह्यातले, म्हणून हे मुद्दाम सांगते. कापसाची गाठ वरून विझली तरी आत धुमसत राहते. जिनिंगला आग लागली की बंब तास न् तास तिथून हलत नाही, तो त्यामुळेच.

बरं, आता माझ्या खऱ्या विषयाकडे येते. मलेरिया विभाग! नाव मलेरियाचं, पण आताशा त्यांचं निम्मं डोकं डेंग्यूत असतं.

एका सप्टेंबरात माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी शाळेत येईनाशी झाली. पहिल्या बाकावरची, पाढे घडाघडा म्हणणारी. ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंगावर पुरळ. तपासणीत डेंग्यू निघाला. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी. त्या भराभर कमी होत होत्या. तिची आई दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. मी भेटायला गेले तर मला म्हणाली, "बाई, कालच्यापेक्षा आज आकडा कमी आला. उद्या किती येईल?" मला काय माहीत! मी फक्त तिच्याजवळ बसून राहिले. तीन दिवस आकडा घसरला, चौथ्या दिवशी वर चढला. पोरगी वाचली. पण शाळेत परत यायला तिला तीन आठवडे लागले आणि आली तेव्हा दप्तर आईच्या खांद्यावर होतं.

ती दवाखान्यात असतानाच मलेरिया विभागाचे कर्मचारी आणि आशाताई त्यांच्या गल्लीत आले. रुग्ण सापडला की आजूबाजूची घरं तपासतात. मीही गेले त्यांच्याबरोबर. हातात बॅटरी, वही आणि खडू. दारातून विचारायचं, "पाणी कशाकशात भरलंय?" मग एकेक भांडं उघडून बॅटरी मारायची. उजेड पडला की अळ्या वळवळत खाली पळतात. शंभर घरं बघितली आणि पाच घरांत अळ्या मिळाल्या तर घर निर्देशांक झाला पाच. तुमच्या शेकडेवारीच्या गणितासारखंच.

डेंग्यूचा डास एडिस. पायांवर पांढरे पट्टे. तो दिवसा चावतो, आणि त्याला घाण पाणी नको असतं. साठवलेलं स्वच्छ पाणी त्याला आवडतं. म्हणजे रांजण, ड्रम, हौद, जुनी टायरं, नारळाच्या करवंट्या, फ्रिजच्या मागचा ट्रे. आणि विदर्भात आपला लाडका कूलर! उन्हाळा संपतो, पाऊस पडतो, हवा गार होते. आपण कूलरचं बटण बंद करतो आणि टाकीतलं पाणी विसरून जातो.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करायची. त्याला 'कोरडा दिवस' म्हणतात. सात दिवसांनी पाणी काढलं की अळीचा डास होतच नाही. पण नुसतं ओतून भागत नाही. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पाणी भरलं की पुन्हा जिवंत! म्हणून भांडं आतून खसखसून घासायचं.

लोकांना मात्र धूर हवा असतो. फवारणीचं मशीन घरघरत आलं की पोरं मागे धावतात आणि मोठ्यांना वाटतं, चला, काम झालं. धुरानं उडणारे डास मरतात. ड्रममधल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. मला विचाराल तर धुराचं मशीन दिसायला मोठं, पण खरं काम खडू आणि बॅटरीवाल्यांचं.

तर त्या मुलीच्या घरी न्हाणीजवळच्या निळ्या ड्रममध्ये अळ्या सापडल्या. आशाताई म्हणाल्या, "आजी, हे पाणी फेका." आजी उसळल्या.

"फेकून देऊ? चार दिवसानं नळ येते. मंग तुमी आनून देसान का?"

मुलांनो, आजींचं काय चुकलं? २०१८ चा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना पाणी फेका म्हणून कसं सांगायचं? एक विभाग म्हणतो पाणी साठवू नका, आणि नळाची पाळी म्हणते साठवा. मधल्या मधे आजी. यावर भाषण देऊन उपयोग नसतो. त्या कर्मचाऱ्यानं भाषण दिलंही नाही. त्यानं आजींकडून जुनं धोतर मागितलं, चार पदरी घडी केली आणि ड्रममधलं पाणी त्यातून बादल्यांमध्ये गाळलं. अळ्या फडक्यात राहिल्या. त्या त्यानं उन्हातल्या कोरड्या मातीवर झटकल्या. ड्रम नारळाच्या काथ्यानं घासला, पाणी परत भरलं, वरून धोतर ताणून सुतळीनं बांधलं. एक लिटरही वाया गेलं नाही. आजी बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "असं सांगाचं ना मंग सरळ." मोठ्या हौदासाठी गप्पी मासे असतात, ते अळ्या खातात. मलेरिया विभागाकडे विचारलं तर मिळू शकतात.

त्यानंतर वर्गात आम्ही एक तक्ता लावला. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा प्रत्येकानं घरी जाऊन भांडी मोजायची. किती उघडी, किती झाकलेली, किती घासली. सोमवारी आकडे तक्त्यावर. पहिल्या आठवड्यात आमच्या २८ घरांपैकी ९ घरांत अळ्या होत्या. घर निर्देशांक काढायला मुलांना सांगितलं तर ३२ पूर्णांक काहीतरी आला आणि एकानं विचारलं, "बाई, हे तर पास होण्याइतके मार्क नाहीत ना?" मी म्हटलं, "अरे, इथं शून्य मिळवायचा असतो." हे गणित त्यांना फार आवडलं. शून्यासाठी अभ्यास! दोन महिन्यांनी आम्ही दोन घरांवर आलो. मधे दिवाळीच्या सुट्टीत पाचवर चढलो होतो, तेही सांगायला हवं. सुट्टीत तक्ता नाही, मग काय!

आणि घरपट्टीची पावती? ती राहिलीच. बाबांना मागा आणि तिच्यावरचे रकाने वाचा. शिक्षण कर, वृक्ष कर असं काय काय लिहिलेलं असतं. शाळेचं, झाडांचं, काकांच्या झाडूचं, आशाताईंबरोबरच्या त्या खडूचं नातं तिथं सापडतं.

ती मुलगी आता माध्यमिक शाळेत जाते. तिची आजी मला परवा रस्त्यात भेटल्या. मलेरियावाला पोरगा दोन आठवडे फिरकला नाही म्हणून त्या त्याच्यावर रागावल्या होत्या. "शनवार हाये म्हनून मी सकाळपासून ड्रम घासून बसली," त्या म्हणाल्या, "आन् ह्याचा पत्ता नाई. बॅटरी कोन मारीन?"