थरावर थर

बाबांनी चेतकला दिलेलं 'कोटिंग' म्हणजे जळकं ऑइल. मे महिना संपता संपता गॅरेजवाल्याकडून डबाभर फुकट आणायचं, पेट्रोलचा कॉक बंद करून स्कूटर वाड्याच्या अंगणात पोत्यावर आडवी करायची आणि फुटबोर्डच्या खालून, मडगार्डच्या आतून ते फासायचं. आकुर्डीची ती चेतक अंगापिंडानं पत्र्याची. पायाखालच्या रबरी मॅटखाली पाणी साचलं की पत्रा गुपचूप कुजायचा, बाहेरून रंग मात्र साळसूद. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली गाडी. ती गंजणं म्हणजे घरचंच माणूस आजारी पडणं.

पुढे मारुती आली आणि ऑइलच्या जागी मेणाच्या पॉलिशची डबी. सीटवरचं कारखान्याचं प्लॅस्टिकही आम्ही ते फाटेपर्यंत काढलं नव्हतं, पण त्या काळात कुणाकडे काढत होते?

माझी आताची गाडी घेतली तेव्हा बाणेरच्या एका दुकानातल्या मुलानं सांगितलं, "सर, नाइन-एच सिरॅमिक आहे. पाच वर्षं टेन्शन नाही." नाइन-एच म्हटलं की हिऱ्याच्या आसपासचं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात ती पेन्सिलीची मोजपट्टी आहे. ड्रॉइंगच्या तासाला टू-एच, फोर-एच वापरायचो, त्यातलीच. रस्त्यावरच्या धुळीतला वाळूचा कण त्या थरालाही ओरखडतो. कारखान्यात रंगावर दिलेला पारदर्शक क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा बारीक. सिरॅमिकचा थर त्यावर जेमतेम एक-दोन मायक्रॉन. तो लावण्याआधी बारीक चरे काढायला मशीननं पॉलिश करतात, त्यात क्लिअर कोटच थोडा घासला जातो. हे बिलावर लिहिलेलं नसतं.

पुण्यात रंगाचे वैरी गल्लीगल्लीत आहेत. पक्ष्यांची शीट उन्हात वाळली की क्लिअर कोट खाते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बसतात. बांधकामांची धूळ तर बाराही महिने. आणि खरा घाव रोज सकाळी सहाला बसतो: सोसायटीतला गाड्या पुसणारा एकाच बादलीत, एकाच फडक्यानं दहा गाड्या पुसत येतो. उन्हात तिरपं पाहिलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे दिसतात, ते त्या फडक्याचे. सिरॅमिकमुळे पाणी घरंगळतं, चिखल लवकर सुटतो, शीट पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो. एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा मात्र ते अडवत नाही. त्याला जाड फिल्म लागते, पीपीएफ, आणि तिचा खर्च ऐकून गाडीपेक्षा आपल्यालाच धक्का बसतो.

पाच वर्षांची गॅरंटी नीट वाचली तर त्यात दरवर्षी दुकानात येऊन मेंटेनन्स करून घ्यायची अट निघते. म्हणजे बाबांचा मे महिना चुकलेला नाहीच, फक्त डबा फुकट राहिला नाही.

जुनी गाडी विकायला काढली तेव्हा एजंटनं खिशातून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढून पत्र्याला टेकवलं. बॉनेटवर 110 मायक्रॉन, डाव्या दारावर तीनशेच्या वर. "दार रंगवलंय ना?" पुट्टीनं चुगली केली होती. भाव पडला. वरच्या चकाकीबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. म्हणून माझं मत असं की हे कोटिंग धुण्याच्या सोयीसाठी घ्यावं. विकताना वसूल होईल या हिशेबानं घेऊ नये.

दसऱ्याला आईनं नव्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायला घेतलं. कुंकू बसेचना; रेघेचे थेंब होऊन ते खाली सरकायला लागलं. "काय लावून आणलंयस रे हिला?" ती वैतागली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, मग बोट पदराला न पुसता तशीच खाली वाकली आणि नंबरप्लेटवर स्वस्तिक काढून मोकळी झाली.